माझे पिवळे, माझे आकाशी

काल मुलीने माझ्या लॅपटॉपवर कोड लिहायचं नवं एडिटर बसवून दिलं. उघडताच त्याने विचारलं, लाल आणि हिरवा वेगळा दिसत नसेल तर दुसरे रंग लावू का? मुलगी म्हणाली, "बघा बाबा, किती काळजी!" आणि माझं डोकंच फिरलं.

नोकरीच्या सुरुवातीला, कोथरूडच्या माझ्या पहिल्या ऑफिसात नव्या कार्पेटचा उग्र वास असायचा आणि आम्ही काळ्या स्क्रीनवर कोड लिहायचो. मला लाल-हिरवे दोन्ही सारखेच मळकट दिसतात. म्हणून एडिटरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मी लाल दिसणाऱ्या चुकांना पिवळा आणि बाकीच्या हिरव्या कोडला आकाशी रंग दिला होता. एके दिवशी परदेशी क्लायंट यायचा होता. सगळ्यांचे स्क्रीन एकसारखे दिसावेत म्हणून आमच्या टीम लीडर सरांनी सकाळीच माझी फाइल उडवली.

"अहो सर, मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही."

"मग सिग्नलला काय करता? ऑफिस आहे हे, रंगपेटी नाही."

सगळी रांग हसली. मीही हसलो, याचाच आज जास्त संताप येतो.

दुपारी क्लायंटसमोर माझा प्रोग्राम अडला. माझ्या खुर्चीमागे उभे राहून, चेहरा हसरा ठेवून, सर मराठीत म्हणाले, "लाल रंगात चूक दाखवतंय की! दिसत नाही का?"

मी मान खाली घातली. इतकी वर्षं वाटत राहिलं, त्या दिवशी मीच कमी पडलो.

नव्हतं दिसत, सर. सकाळीच सांगितलं होतं.