नळीतली माती

मित्रहो, आज सकाळी माझ्यावर घोर अन्याय झाला. डिचोलीच्या बंदुकीच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी एकच खुर्ची आहे आणि तिच्यावर मांजर झोपलं होतं. हवेच्या बंदुकीच्या छऱ्यांसाठी मी अर्धा तास उभा.

तेवढ्यात कोरगावचे एक काका आले. निवडणुकीत पोलिसांकडे जमा केलेली बंदूक त्यांना परत मिळाली होती. मधल्या काळात कुंभारमाशीने नळीत मातीचं घर बांधलं होतं.

विक्रेता म्हणाला, "एक बार काढा काका, माती आपसूक उडतली."

मी मांजराकडे बघत राहिलो. मला कोणी विचारलं होतं?

"माका खंय दिसता," काका म्हणाले. "बार सून काढतली. परवान्यार तिचां पण नाव आसा."

तेव्हा मात्र राहवलं नाही. "काका, माती उडणार नाही, नळी फुटेल. सुनेचा हात जाईल, डोळेही."

"तुम्ही बंदूकवाले की मास्तर?" विक्रेत्याने विचारलं.

"मास्तर. म्हणून बोटं मोजता येतात. अशाच बारानंतर नार्वे गावातल्या माझ्या चुलतभावाच्या डाव्या हाताला दोनच उरलीत. एक काजूच्या पाल्यात सापडलं, बाकीची सापडलीच नाहीत."

विक्रेत्याने नळीत गज घातला. मातीबरोबर मेलेले कोळी पडले.

तुम्ही बोलला असता का? मी भावाच्या वेळी नव्हतो बोललो. बार काढण्याआधी त्याच्या नळीतली माती मी पाहिली होती. पण तो जाणता, मी कोण सांगणार?

संध्याकाळी नार्व्याला जाऊन, ती माती मी पाहिली होती हे त्याला सांगितलं.

"म्हायत आसा," तो म्हणाला. "तू माझ्या हाताकडे कधी बघूंकच नाय."

आज बघितलं.