भिंगावरची चंद्रकोर

कारखान्यात तिला सगळे घार म्हणत, तेही तोंडावर. तिला त्याचं वाईट वाटत नसे. एकोणीस वर्षं भिंगं तपासणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार?

भिंगं म्हणजे चष्म्याची नव्हेत. मोबाइलच्या कॅमेऱ्यात बसतात ती, मसुराच्या दाण्याएवढी. पांढरा झगा, डोक्याला टोपी, तोंडावर मास्क अशा अवतारात ती दिवसभर सूक्ष्मदर्शकापुढे बसे. आधी यंत्र प्रत्येक भिंग तपासायचं आणि त्याने पास केलेल्यांपैकी थोडी घारीपुढे यायची. ओरखडा, बुडबुडा, धुळीचा कण काही दिसलं की बाजूला काढायचं. पण यंत्र सहसा चुकत नसे, त्यामुळे घारीचं काम बहुतेक दिवस मान डोलावण्याचंच होतं.

त्या वर्षी एका नव्या फोनचा भलताच गाजावाजा झाला. त्याच्या कॅमेऱ्याचं सर्वांत पुढचं भिंग त्यांच्याच कारखान्यात घडत होतं. बाहेर कुठे बोलायचं नाही, असं सगळ्यांकडून लिहून घेतलेलं. त्यामुळे घरी भाऊजी त्या फोनचं गुणगान सुरू करत, तेव्हा ती मुकाट्याने कणीक मळत राही. भाऊजी म्हणजे तिचे धाकटे दीर. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं केस कापायचं दुकान होतं. बुकिंग सुरू झालं त्या पहिल्याच तासात त्यांनी आपला नंबर लावला होता.

माल रवाना व्हायला नऊ दिवस उरले होते. दुपारच्या वेळी एक ट्रे सरकवताना घारीच्या हातून किंचित कलला आणि एका भिंगाच्या कडेला फिकट चंद्रकोर चमकून गेली. तिने ट्रे सरळ केला. कोर नाहीशी झाली. पुन्हा कलवला, पुन्हा आली. दुसऱ्या भिंगावरही होती. तिसऱ्यावर नव्हती, चौथ्यावर होती. यंत्र बघायचं ते सरळ वरून. त्याला ही दिसणार कशी?

तिने सुपरवायझरना बोलावलं. ते वाकून बराच वेळ बघत राहिले.

"मला तर काही दिसत नाही, बाई."

"ट्रे थोडा कलवा, साहेब. उजेडाकडे."

"प्रकाशाचा खेळ असेल. चाळीस हजार भिंगं खोक्यात भरून तयार आहेत. वरून दर तासाला फोन येतायत. तुम्हाला खात्री आहे का?"

तिने ट्रे पुन्हा कलवला. "खात्री नाही. दिसतंय मात्र."

सुपरवायझरांनी मास्कच्या वरच्या कडेवरून तिच्याकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून घेतला आणि खोकी थांबवायला गेले.

दोनशे भिंगं काढून चाचणीच्या कपाटात ठेवली. त्यात आधी भट्टीसारखी धग आणि मग कडाक्याची थंडी, असं तीन दिवस आलटून पालटून चालू होतं. त्या तीन दिवसांत घारीने आपल्या डोळ्यांवरचा विश्वास आयुष्यात पहिल्यांदाच तपासायला घेतला. चौथ्या दिवशी सुपरवायझर आले, तिच्यापुढे ट्रे ठेवला आणि बाजूला उभे राहिले. दोनशेपैकी एकतीस भिंगं तडकली होती. प्रत्येक तडा त्या चंद्रकोरीवरूनच गेला होता, जणू आधी पेन्सिलीने आखून ठेवल्यासारखा.

सगळा माल रद्द झाला. दोष साच्यात निघाला. नवा साचा घडेपर्यंत सात आठवडे गेले.

त्या आठवड्यांत ती रोज बाजारातल्या मोबाइलच्या दुकानावरून जायची. दारावर 'माल शिल्लक नाही' असा कागद चिकटवलेला. तरी लोक आत शिरत, काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत घालत. एकाने पुढच्या गावी चौकशी केली होती, तिथेही हेच. परदेशातल्या भावाला विचारून आलेला एक जण म्हणाला, तिकडेही हेच. घार फुटपाथवर थबकली. समुद्रापलीकडची माणसं खोळंबली होती ती नखाआड दडेल अशा वस्तूसाठी, आणि तेही तिचा हात दोन बोटं कलला म्हणून.

घरी भाऊजी रोज संध्याकाळी ऑर्डर कुठवर आली ते बघत.

"वहिनी, 'आपली ऑर्डर प्रक्रियेत आहे' म्हणतात. ही प्रक्रिया म्हणजे नेमकं काय असतं हो?"

"कुणीतरी नीट बघत असेल, भाऊजी."

"इतकं काय बघतात? एवढ्यात मी अख्ख्या गावाची दाढी केली असती."

सासूबाई हसल्या. घारही हसली, पण तिला भाजीत मीठ दोनदा घातल्याचं जेवताना कळलं.

नवा फोन घरी आला एका रविवारी सकाळी. भाऊजींनी हात धुऊन, पुसून डबा उघडला. घारीने फोन हातात घेतला आणि सवयीने आधी पालथा करून खिडकीपाशी कलवून पाहिला. भिंग स्वच्छ होतं. तिचा स्वतःचा फोन जुना, बटणांचा. कारखान्यात तर फोन आत नेताच येत नसे. भिंगाकडे बघण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. भिंगातून जग कसं दिसतं, ते बघायची वेळ कधी आलीच नव्हती.

खिडकीच्या चौकटीवरून एक मुंगी चालली होती. "भाऊजी, हिचा काढा."

भाऊजींनी फोन जवळ नेला, फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला. मुंगीच्या पायांवर बारीक केस होते. तोंडात साखरेचा कण होता, आणि त्या कणाच्या एका पैलूत खिडकी दिसत होती, गजांसकट.

घारीचे डोळे भरून आले, आणि नीट दिसेना म्हणून तिने ते पदराने घाईघाईने पुसले.

"उशीर केला खरा," भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "पण ज्याने कुणी बघितलं, त्याने नीट बघितलंय."

सासूबाईंनी आपला सुरकुतलेला तळहात पुढे केला. "आता माझा हात बघू गं कसा दिसतो."

घारीने त्यांचा हात धरला आणि उजेडात नेला.