सतरावा खिळा

हेर्डेगेमच्या चर्चमध्ये मेलेले बॅरन दोन ठिकाणी असतात. हाडं फरशीखाली आणि मोठेपणा भिंतीवर. मेरेंडाल घराण्यातला माणूस गेला, की त्याची मरणफळी रंगवून उत्तरेकडच्या भिंतीला टांगायची, ही तीनशे वर्षांची रीत. फळी असते चौरस, पण टांगतात कोपऱ्यावर, त्यामुळे दिसते शंकरपाळ्यासारखी. मधोमध घराण्याची खूण, पिवळ्यावर तीन काळे बगळे. खाली मरणाची तारीख. कडांना छोट्या छोट्या ढाली, बापाकडच्या पूर्वजांच्या आठ, आईकडच्या आठ, प्रत्येकीवर त्या पूर्वजाच्या घराची खूण आणि खाली नाव. सोळाच्या सोळा खानदानी निघाल्या तर माणूस अस्सल. इतकी चौकशी सोयरीक जुळवतानाही कुणी करत नाही.

या फळ्या पुसायचं काम ओदिल व्हेरस्टिखेलचं. आजोबा चर्चचे राखणदार, बाप कामिल राखणदार, आणि आता ओदिल. घंटा वाजवायची, मेणबत्त्या बदलायच्या, आणि वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधी, शिडी लावून शिळ्या पावाच्या गराने एकेक बॅरन साफ करायचा. शाळा चौदाव्या वर्षी सुटली. पण चाळीस वर्षं एकाच घराण्याची तोंडं पुसल्यावर माणूस त्यांचा इतिहासकार होणारच. चौकटीच्या वहीत त्याने सगळे मेरेंडाल उतरवले होते. कुणी कुणाशी लग्न केलं, कोण पडून मेला, कोण खाऊन मेला. मेरेंडालांना स्वतःबद्दल नसेल इतकी माहिती ओदिलकडे होती.

फक्त एक पान कोरं. भिंतीवर खिळे तेवीस आणि फळ्या बावीस. सतरावा खिळा रिकामा. जुनी दप्तरं पहिल्या महायुद्धात जळाली होती, त्यामुळे विचारणार कुणाला? मग ओदिलने आपलं उत्तर तयार केलं. हा सतरावा फ्रेंच क्रांतिकारकांना जाऊन मिळाला, त्यांनीच त्याचं मुंडकं उडवलं, आणि घरच्यांनी लाजेने फळी उतरवली. गेंटहून बस भरून येणाऱ्या म्हाताऱ्यांना तो हे इतक्या रंगात सांगे, की बायका रुमाल काढत. वहीत मात्र त्याने ते लिहिलं नव्हतं. वहीशी खोटं बोलायचं नाही, हा त्याचा नियम.

मग एका मार्चमध्ये पाद्रीबाबांनी त्याला गाठलं. "ओदिल, बॅरोनेस बाईसाहेबांचा निरोप आलाय. आता काही फार दिवस नाहीत म्हणतात. त्यांची फळी सतराव्या खिळ्यावर लावायची. तेवढा खिळा हलवून बघ."

बाईसाहेब म्हणजे गिस्लेन, वय एक्क्याण्णव, मेरेंडालांतल्या शेवटच्या. त्या गेल्या की सांगणारं कुणी उरणार नाही. वर त्यांचीच फळी त्या जागेवर बसणार. ओदिलचं कोरं पान कायमचं कोरं.

"मग जाऊन विचार ना," त्याची बायको झुल्मा म्हणाली.

"गढीवर आपण होऊन जायचं नसतं. बोलावलं की जायचं. माझे बाबाही तसंच करायचे."

"मग बस. त्या गेल्या की त्यांच्या फळीला विचार. शिडी आहेच."

गुरुवारी ओदिल झुल्माने केलेली दूधभाताची पिवळी टार्ट घेऊन मागच्या दाराने गढीत शिरला. एवढ्या मोठ्या गढीत ऊब फक्त स्वयंपाकघरात. बाईसाहेब चुलीपुढे पाय पसरून बसल्या होत्या.

"ओदिल! कोण मेलं?"

"कुणी नाही, बाईसाहेब."

"मग तू कसा काय आलास?"

ओदिलने टोपी दोनदा फिरवली आणि एका दमात विचारून टाकलं. सतरावा कोण?

"मला काय विचारतोस? मुंडकं तूच उडवलंस ना त्याचं? माझी मैत्रीण बसमधून ऐकून आली. म्हणाली, तुमच्यात एक तरी रंगतदार निघाला."

ओदिलचे कान टोमॅटो झाले. बाईसाहेबांनी टार्टचा तुकडा मोडला. "तुझ्या कबुतरखान्याचं दार कुणी केलं?"

"बाबांनी. एकोणीस साली. जर्मन गेले, कबुतरं पाळायला परत परवानगी मिळाली तेव्हा. मी दोन वर्षांचा होतो."

"तेव्हा गावात लाकूड कुठे होतं? कामिल माझ्या बाबांकडे मागायला आला. बाबा म्हणाले, चर्चमधली सतरावी ने, तिच्याकडे कुणी बघत नाही. पण तोंड बंद ठेव. मी जिन्यात उभी होते."

ओदिल खाली बसला. बाईसाहेबांनी बस म्हटलं नव्हतं, तरी.

"आणि... तो होता कोण?"

"फिलिप. माझा खापरपणजा. बहात्तर वर्षं जगला. जेवला, बदकं मारली, मेला."

"बस्स?"

"सगळ्यांनाच कुठे मुंडकं उडवून घ्यायला जमतं?"

घरी येऊन ओदिलने कबुतरखान्याचं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं. हिरवं, चौरस, रोज सकाळ-संध्याकाळ हाताखालचं दार. जन्मभर शंकरपाळे पुसले. कोपरा खाली केला की चौकोनाचाही शंकरपाळा होतो, हे काही डोक्यात आलं नाही. विष्ठा खरवडायची सुरी घेऊन तो बसला. कबुतरं छपरावरून माना वाकड्या करून बघत होती. एक बगळा निघाला, मग दुसरा, तिसरा. बापाकडच्या आठ ढाली निघाल्या. आईकडच्या सात निघाल्या.

आठवी कोरी होती. रंग उडालेली नाही. मुळातच पांढरी, रिकामी. जिच्या घराला खूणच नाही, अशा बाईची. खाली नाव होतं: योसिना. पुढचं आडनाव ओदिलच्या घाईच्या सुरीने हिरव्या रंगाबरोबर केव्हाच निघून गेलं होतं. त्याने खालची धूळ चिमटीत घेऊन पाहिली. आडनाव धुळीत सापडत नाही.

"दार कुठंय?" झुल्मा मागून ओरडली. "मांजर येईल!"

दुसऱ्या दिवशी फळी ढकलगाडीवर घालून तो पुन्हा गढीवर गेला. यावेळीही कुणी बोलावलं नव्हतं. बाईसाहेबांनी चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला.

"बाबा म्हणाले होते, हिच्याकडे कुणी बघत नाही."

"तुमच्या बाबांनी बघितलं होतं, बाईसाहेब," ओदिल म्हणाला, आणि आपणच दचकला.

बाईसाहेब रागावल्या नाहीत. बोट त्या पांढऱ्या ढालीवरून फिरत राहिलं. "म्हणजे ही माझीही आजीच की, कितव्या तरी पिढीची. कोण होती रे?"

"ठाऊक नाही. आडनाव मी खरवडून टाकलं."

"गाढवा!" त्या हसल्या, हसता हसता खोकल्या. "फिलिपला त्याच्या खिळ्यावर टांग. माझ्यासाठी चोविसावा ठोक. आणि या बाईचा शोध लाव. पण जरा झपाट्याने. मला फार वाट बघता येणार नाही."

चोविसावा खिळा त्याच आठवड्यात ठोकला गेला. कबुतरखान्याला सध्या झुल्माचा जुना पलंगपोस लटकतोय. ओदिल वहीचं नवं पान घेऊन शेजारच्या गावांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळतो. योसिना आतापर्यंत एकोणीस निघाल्या आहेत. दर गुरुवारी तो मागच्या दाराने गढीत जातो. बाईसाहेब आता 'कोण मेलं' असं विचारत नाहीत.

"सापडली?" एवढंच विचारतात. आणि तो नाही म्हणाला, की पुढचा गुरुवार ठरवून टाकतात.