पडलेलं झाड दाखवा

नियतकालिकाच्या दुसऱ्या परीक्षकाने फार काही मागितलं नव्हतं. झाडं आतून पोकळ आहेत असं तुमचं यंत्र सांगतं, ते ठीक. पण त्यांतलं एखादं खरंच पडलं का? पडलेलं झाड दाखवा. निदान आणखी एक पावसाळा निरीक्षण ठेवा, तोवर झाडांना कुणाचा हात लागू देऊ नका, मग लेख पुन्हा पाठवा.

मैत्रीने ते दोनदा वाचलं. इंग्रजी समजायला तिला आता अडत नसे, पण महत्त्वाचं काही असलं की ती मनातल्या मनात मराठीत लावून बघायची. तसं लावून बघितल्यावर तिला पहिल्यांदा सातवं झाड आठवलं. त्या झाडाखाली भाजीवाली वेणूबाई बसते.

मैत्री येरवड्यात वाढलेली. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, ते गेले. आता घरात ती आणि आई चंद्रभागाबाई. मराठी शाळेत शिकून, वनस्पतिशास्त्र घेऊन, ती एका खासगी संशोधन संस्थेत संशोधन सहायक म्हणून लागली. नेमणूक तात्पुरती, दर वर्षी सरांच्या सहीने वाढवून मिळायची. सर म्हणजे डॉक्टर गोपाळकृष्ण भागवत. झाडांच्या आजारांवर त्यांचा शब्द शेवटचा मानत. बोलणं अतिशय सभ्य, आणि सभ्यतेतच समोरच्याची साल काढायची सवय.

लेख सरांचा, मैत्रीचं नाव सहलेखकांत, पण तो पाठवायचं सगळं बाळंतपण तिचं. वनशास्त्राच्या त्या परदेशी नियतकालिकाचे नियम सोवळ्याहून कडक. संदर्भ अमुक पद्धतीनेच लिहायचे, आकृतीतली अक्षरं तमुक मापाचीच, हा मजकूर दुसरीकडे कुठे दिलेला नाही अशी हमी वेगळी. हे सगळं सरांच्या नावाच्या खात्यातून करायचं आणि ते खातं चालवायची मैत्री. सरांची मेलही तीच उघडायची, उत्तरं तीच लिहायची, खाली नाव सरांचं. संस्थेत सगळीकडे असंच चालत असे. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, तिलाही नाही.

झाडं होती येरवड्यातल्या एका जुन्या ट्रस्टच्या जागेत, कुंपणाला लागून, रस्त्यावर झुकलेली. विलायती शिरीष, ज्याला सगळे रेन ट्री म्हणतात. मावळतीला आणि आभाळ भरून आलं की पानं मिटून घेणारी. मैत्री आणि प्रयोगशाळेतली वासंती यांनी एकेका खोडाभोवती बारीक खिळे बसवून, छोट्या हातोडीने ठोकून, आवाज आरपार जायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं. पडद्यावर खोडाचं चित्र उमटे. घट्ट लाकूड तपकिरी, पोकळी निळी. सातव्या झाडाचं चित्र उमटलं तेव्हा वासंती म्हणाली होती, "अगं बाई, हे झाड आहे का विहीर?"

त्याच झाडाच्या बुंध्याशी वेणूबाई पालेभाजी घेऊन बसायची. मांजरी गावाहून टेम्पोने यायची. जुड्या ओल्या गोणपाटावर मांडायची आणि म्हणायची, "सावली हाय म्हून धंदा हाय. ऊन लागलं की कोथिंबीर माना टाकती बघ." खिळे ठोकताना तिने विचारलं होतं, "काय निघालं गं पोरी, झाडात?" सरांनी आधीच बजावलेलं होतं, की छापून येईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही. मैत्री म्हणाली होती, "बघतोय अजून, मावशी."

परीक्षकाचं म्हणणं सरांनी शांतपणे वाचलं.

"मुद्दा बरोबर आहे त्याचा," ते म्हणाले. "यंत्र काय, काहीही सांगेल. आपण एक पावसाळा थांबू."

"सर, सातव्या झाडाखाली एक बाई बसते."

"ठाऊक आहे मला. मेथी चांगली असते तिच्याकडे."

"ट्रस्टला सांगून फांद्या तरी हलक्या करायच्या का?"

सरांनी चष्मा काढला. "फांद्या हलक्या केल्या की झाड पडणार नाही, मैत्री. मग ते मुळात भक्कम होतं म्हणून पडलं नाही की तुमच्या कृपेमुळे, हे परीक्षकाला कसं सांगणार आहात? पडायचं ते पडेल. आपण फक्त हजर राहायचं."

तिने घरी आईला सांगितलं. चंद्रभागाबाई भाकरी थापत होत्या.

"त्या बाईला कळवलंस का?"

"सर बघतील ते."

"सर तिथं बसत नाहीत," आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

रोज संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून मैत्री वंदना म्हणायची. त्यात सगळ्या प्राण्यांचं भलं चिंतायचं असतं. लहानपणापासून जिभेवर बसलेले शब्द, पण आता तिथवर आलं की जीभ जड व्हायची. हा लेख छापून आला तरच पुढची नेमणूक होती. छापून यायला झाड पडायला हवं होतं. म्हणजे आपण हात जोडून नेमकं काय मागतोय, हे तिला तिचंच उमजेना. एकदा तर ती मध्येच थांबली, मेणबत्ती तशीच जळत राहिली, आणि आईने आतून विचारलं, "झालं का गं?"

मे महिना तापत गेला. दुपारी आभाळ काळंभोर व्हायचं, वारा सुटायचा आणि नुसतीच धूळ उडवून निघून जायचा. त्या रस्त्याने जाताना मैत्रीची नजर आपसूक वर जाई. झाडं पानं मिटून उभी असत. हिरवीगार, भरगच्च. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, शंभर वर्षं हलणार नाहीत.

एका दुपारी वळवाच्या वाऱ्यात सातव्या झाडाची फांदी आली खाली. माणसाच्या कमरेएवढी जाड. वेणूबाई तेवढ्यात चहाला म्हणून टपरीकडे गेली होती. तिचं गोणपाट, पाण्याची बादली, भाजीचा क्रेट, सगळं फांदीखाली चपटं झालं. लोक जमले, फोटो काढले, वेणूबाईला "नशीबवान हायस" म्हणाले.

मैत्रीने सरांना फोन केला. ते अर्ध्या तासात आले. रिक्षातून उतरता उतरता त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मैत्रीने पाहिलं आणि लगेच खाली बघितलं. लग्नाच्या मुहूर्ताला उशीर होईल की काय, अशी लगबग होती ती.

"कितवं?"

"सातवं."

"खोड मोडलं की फांदी?"

"फांदी."

"हं." सरांचा चेहरा उतरला. "फांदी पुराव्यात धरता येणार नाही."

ते रिक्षात बसून परत गेले. सरांचा राग यावा, तर मैत्रीला राग येईना. फांदी पडल्याचं कळलं तेव्हा तिच्याही मनात पहिल्यांदा काय आलं होतं? आणखी थोडं खाली मोडलं असतं तर काम झालं असतं. वेणूबाई नंतर आठवली. त्या विचाराचीच तिला भीती बसली. असा विचार एकदा घरात शिरला की तो पाहुण्यासारखा राहत नाही, भाडेकरूसारखा राहतो.

दुसऱ्या दिवशी ती वेणूबाईजवळ जाऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं. झाड पोकळ आहे, कधीही पडेल, जागा बदला.

वेणूबाई नव्या गोणपाटावर शेपू मांडत होती. "आगं, काल पडायचं ते पडलं की. आता काय रोज पडतंय व्हय?"

"मावशी, फांदी नाही. अख्खं झाड."

"ह्या झाडाखाली माझी दोन लेकरं वाढली. त्याला मारायचं असतं तर कवाच मारलं असतं." तिने जुडी झटकली. "आन उठू म्हनतीस तर जाऊ कुठं? त्या बँकेच्या दारात सावली हाय, पर तिथला वॉचमन बसू देतोय व्हय?"

तिथून मैत्री ट्रस्टच्या कचेरीत गेली. व्यवस्थापक साईनाथ टेबलावर पाय लांब करून फोनवर बोलत होता. तिला बघून पाय खाली घेतले.

"मॅडम, आम्ही काय झोपलोय का?" सगळं ऐकून तो म्हणाला. "झाडं तोडायची परवानगी कधीच हातात आहे. तुमच्या सरांनीच अध्यक्षांना गळ घातली, अभ्यास संपेपर्यंत हात लावू नका म्हणून. सरांना दोन ओळी लिहू द्या, अभ्यास संपला. लगेच माणसं लावतो."

सरांना तिने शेवटचं विचारलं. ते या वेळी साल काढत बसले नाहीत, थकल्यासारखे बोलले. "तुम्हाला मी दगड वाटत असेन. पण या शहरात माणसं झाड तोडायला निमित्तच शोधत असतात. एका झाडात पोकळी आहे म्हणून सांगा, अख्खी रांग जाते आणि तिथे गाळे उभे राहतात. कुठलं झाड पाडायचं आणि कुठलं ठेवायचं, हे ठरवणारं माप एकदा मान्य झालं, तर हजार झाडं वाचतील. माणसंही वाचतील. एक पावसाळा, एवढंच मागतोय मी."

ते खोटं बोलत नव्हते. मैत्रीला ते पटलंसुद्धा. पण बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि वेणूबाई या वेळी जुड्या सोडवत बसलेली असणार, हेही तिला माहीत होतं.

तिने सरांची मेल उघडली. रोजच उघडत होती. ट्रस्टला लिहिलं, की आमचं निरीक्षण संपलेलं आहे. सातव्या झाडाच्या आणि त्याच्या शेजारच्या दोन झाडांच्या जड फांद्या ताबडतोब उतरवाव्यात. बाकीची झाडं निरोगी आहेत, त्यांना हात लावू नये. खाली सरांचं नाव घातलं. पाठवायच्या बटणावर बोट ठेवताना तिने डोळे मिटले, त्रिशरण म्हटलं. मग पाठवलं.

साईनाथने पहिली ओळ वाचली. पुढचं वाचलं की नाही, कोण जाणे.

दोन दिवस करवती चालल्या. पहिल्या दिवशी मैत्रीला वाटलं, फांद्याच उतरवतायत. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिने पाहिलं, तर रस्त्यावर ऊन पडलं होतं. ज्या रस्त्यावर कधी ऊन पडत नसे, तो नुसता पांढरा दिसत होता. अख्खी रांग आडवी झाली होती. ती साईनाथकडे धावत गेली, तर तो म्हणाला, "सरांचंच पत्र आहे ना मॅडम? अभ्यास संपला म्हणून?"

बुंधे उघडे पडले होते. बहुतेक भरीव, घट्ट, अजून ओले. सातव्याच्या आत मात्र माणूस उभा राहील एवढी काळी पोकळी होती. पण भोवतीची भिंत वीतभर जाड होती. या पावसाळ्यात पडलं असतं, की आणखी वीस वर्षं उभं राहिलं असतं, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

सर आले. एकेका बुंध्यावर हात फिरवत रांगेच्या टोकापर्यंत गेले. मग म्हणाले, "परीक्षकाला पडलेलं झाड हवं होतं. आता निवडून घ्यायला सांगू." मैत्री काही बोलायला गेली, तर त्यांनी हात वर केला. "मेल मी पाठवलीय. माझं नाव आहे खाली. दुसऱ्याने पाठवली म्हणून सांगायचं, तर माझी मेल दुसरं कुणी लिहितं हेही सांगावं लागेल. चला, फोटो घ्या. प्रत्येक बुंध्याचा, पट्टी ठेवून."

तिने फोटो घेतले. यंत्राने दाखवलेली निळी जागा आणि प्रत्यक्षातली काळी पोकळी तंतोतंत जुळत होती. पावसाळ्यापेक्षा हा पुरावा भक्कम होता. संध्याकाळी ती सरांचं खातं उघडायला गेली, तर पासवर्ड बदलला होता.

जूनमध्ये लेख पुन्हा गेला. कुणी पाठवला, तिला कळलं नाही. प्रयोगशाळेत वासंती फोन बघत म्हणाली, "आली गं मेल, लेख मिळाला म्हणून. सगळ्या लेखकांना पाठवतात ना ते, खात्री करायला? तुलाही आली असेल."

मैत्रीने आपला फोन पाहिला. मग पुन्हा एकदा पाहिला.

"येईल," ती म्हणाली. नेमणुकीचा कागद महिनाअखेरपर्यंत यायला हवा होता. तो कुठवर आलाय, हे विचारायला ती गेली नाही.

घरी जाताना वेणूबाई दिसली. बुंध्याशेजारी बांबूच्या काठीला काळी छत्री बांधून बसली होती. अर्ध्या जुड्या पिवळ्या पडलेल्या.

"बघ की पोरी काय झालं," ती म्हणाली. "कुणाच्या डोळ्यात सलली माझी सावली, देव जाणे. ज्यानं हे केलं ना, त्याचं कधी बरं व्हायचं न्हाय. माझी हाय लागंल त्याला."

मैत्री उकिडवी बसून मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लागेल मावशी."

"आता उद्यापास्नं पल्याड बसते." वेणूबाईने हनुवटीने रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला दाखवलं. तिथे तसंच एक झाड उभं होतं, रुंद, हिरवंगार. ट्रस्टच्या हद्दीबाहेरचं म्हणून त्याला कधी खिळे लागले नव्हते. "तुझ्या त्या मशीननं बघून सांग की, बरं हाय का ते."

यंत्र संस्थेत कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली आता वासंतीकडे होती. मैत्री रस्ता ओलांडून गेली. खोडावर तळहात ठेवला, बोटाने दोनदा ठोकलं. साल गार होती. वर आभाळ दाटून येत होतं आणि पानं मिटायला लागली होती.

"बरं हाय का गं?" वेणूबाईने पलीकडून विचारलं.

"माहीत नाही, मावशी."

"मंग हाय बरं," म्हणत वेणूबाई जुड्या उचलायला लागली.