बोट ठेवून वाच

कुणी असले अनुभव सांगायला लागलं की मी आधी विचारायचे, "लॉग आहे का?" सॉफ्टवेअर टेस्टर ना मी! पुण्याहून टोकियोतल्या निशी-कसाईला आलेली, भुताखेतांना सरळ हसणारी. आता माझ्याकडेच लॉग आहे... यंत्रानं केलेली पक्की नोंद!

आयटीवाल्यांची जपानला रीघ लागली होती, तेव्हाची गोष्ट. कंपनीनं मला दक्षिणेकडच्या एका बेटावर, रॉकेट-तळावर पाठवलं. रॉकेट पूर्वेकडे सोडतात, कारण पृथ्वी तिकडेच फिरते आणि तिचा धक्का फुकटात मिळतो. विषुववृत्ताजवळ तो सगळ्यात जास्त. जपानच्या नशिबी विषुववृत्त नाही, म्हणून निदान दक्षिणेचं बेट! माझं काम एवढंच — उड्डाणाआधी पुन्हा पुन्हा सोडलेल्या फुग्यांकडून वरच्या वाऱ्याचे आकडे येतात, ते वाचून "योशी", म्हणजे ठीक, म्हणायचं. वारा जास्त असला तर रॉकेट हवेतच मोडू शकतं.

तिथे प्रत्येक जण आकड्यावर बोट रोखून मोठ्यानं वाचतो, मगच योशी. मला बाई लाज वाटायची. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, ती अस्संच करायला लावायची — "बोट ठेवून वाच गं, बये!" मी जपानला यायच्या आदल्या वर्षी ती गेली.

उड्डाणाच्या दिवशी, भर दुपारी, माझी पाळी आली. हात मांडीवर ठेवूनच मी वाचायला लागले... आणि हेडसेटमध्ये आईचा आवाज. चांगलाच वैतागलेला. "बोट ठेवून वाच गं, बये!"

बोट आपसूक स्क्रीनवर गेलं — नेमकं आकड्यांखालच्या वेळेवर. अगं बाई, हे तर सकाळच्या फुग्याचे आकडे! स्क्रीन अडकला होता. "मात्ते! थांबा!" मी ओरडले. ताजे आकडे आले तेव्हा वारा मर्यादेच्या कितीतरी वर. उड्डाण पुढे ढकललं.

संध्याकाळी आमचे प्रमुख मोरिता-सान यांनी रेकॉर्डिंग लावलं. म्हणाले, "मध्येच तुम्ही कोणत्या भाषेत बोललात?" मी ऐकलं. मी जपानीत आकडे वाचतेय, आणि त्याच क्षणी, त्याच्यावरच, तो मराठी आवाज. एका तोंडातून दोन वाक्यं एकदम कशी निघतील? सगळ्या लाइन तपासल्या, काही सापडलं नाही. त्या तळावर मराठी येणारी मी एकटीच होते.

याचं उत्तर मला आजही माहीत नाही. कुणाला सुचलं तर जरूर सांगा.

चार दिवसांनी रॉकेट व्यवस्थित गेलं. त्या दिवशी मी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवलं. शेवटच्या आकड्याला मात्र, खरं सांगते, बोट काढून घ्यावंसं वाटलं... निदान आई ओरडेल तरी!

नाही काढलं.