तेलाचा वास

कुरखेड्याच्या रस्त्यावर टिनाच्या शेडात गाड्या दुरुस्त करणारा हा माणूस गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं नंतर ऐकतो, आधी गाडी हुंगतो. गेल्या मोहाच्या दिवसांत माझ्या मोटारसायकलचं इंजिन ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढत होतं. मी खुशीत होतो. आपली गाडी तेल पीत नाही, असं शाळेत सांगतही सुटलो होतो.

"गुरुजी, दूध आपोआप वाढलं तं पाणी कुठून आलं ते पाहा लागते," तो म्हणाला.

त्याने तेल मोजायची काडी काढली, पण तिथे हुंगली नाही. शेडासमोर मोहफुलं वाळत होती. "या वासात नाक खोटं बोलते," म्हणत तो काडी आडवी धरून, भर उन्हात पार पुलापर्यंत चालत गेला. हसतच परतला. "पेट्रोल हाय तेलात. अजून चालवली असती तं इंजिन जाम."

कार्ब्युरेटर उघडून त्याने आतली, पेट्रोल अडवणारी बारीक सुई उजेडात धरली. टोक झिजलं होतं. गाडी उभी असतानाही तिथून पेट्रोल झिरपत इंजिनात उतरत होतं.

बाकावर चार गिऱ्हाइकं बसली होती. "मागच्या खेपेला जुनीच सुई घासून मी बसोली होती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माही चूक."

नवी सुई बसली, नवं तेल पडलं. मग काडी माझ्या हाती देऊन त्याने मलाच पुलाकडे पिटाळलं.

"वास ध्यानात ठेवा, गुरुजी. पुढं मी चुकलो तं तुमाले समजलं पाह्यजे."