सलाइनच्या नळीतला बुडबुडा

माझी धाकटी जाऊ सांगलीची, बी.एस्सी. झालेली. ती लग्न होऊन कडेगावला आमच्या घरात आली तेव्हा माझी लेक पाचवीत होती. तोवर लेक सगळं मलाच विचारायची.

एका सकाळी रात्रभर उशाशी राहिलेला पाण्याचा ग्लास घेऊन ती माझ्याकडं आली. आतून काचेला बारीक बुडबुडे चिकटलेले. "आई, झाकून ठेवलंवतं की. मग हवा कुठनं शिरली?"

"शिरली असंल कुठनं तरी. पी गुमान," मी म्हणाले. तव्यावर भाकरी होती.

ती काकीकडं गेली. काकीनं शेजारी बसवून सांगितलं, हवा पाण्यात आधीच विरघळलेली असते; गार पाणी कोमट झालं की तेवढी हवा त्यात मावत नाही, बाहेर पडते. मग दोघी हौदावर गेल्या. उन्हात पाण्यातल्या शेवाळावरून बुडबुडे वर येत होते. "ते शेवाळ सोडतंय गं, ते जिवंत आहे," काकी म्हणाली. लेक केवढ्यानं हसली! मला दारातनं ऐकू आलं, आणि मी आतल्या आत जळले.

पुढं लेकीला जुलाब-उलट्या झाल्या. दवाखान्यात सलाइन लावलं. नळीत एक बुडबुडा दिसला आणि ती ओरडली, "आई, हवा अंगात जाणार! काकीला बोलव!"

"काय होत न्हाई गं," मी म्हणत होते, पण माझी नजरही त्या बुडबुड्यावरच होती. नर्सनं नळीला टिचकी मारली, तरी रडं थांबेना. शेवटी मीच जावेला फोन केला.

ती धावत आली. "अगं, बाटली गार, खोली गरम. तुझ्या ग्लासात झालं तसंच. एवढासा बुडबुडा गेला तरी फुफ्फुसातनं श्वासाबरोबर निघून जातो." लेकीनं तिचा हात धरून डोळे मिटले.

"तू जा आता. घरला सैपाकाचं कोण बघणार?" मी म्हणाले.

"आवं ताई, तुमीच जावा. सकाळधरनं बसलाय. मी हाय की." भलेपणानंच म्हणाली, म्हणून जास्त झोंबलं. मी हलले नाही. खाटेच्या दोन बाजूंना दोघी बसून राहिलो.

लेक बरी झाली. यंदा ती अकरावी सायन्सला आहे, सांगलीत काकीच्या माहेरी राहते. तिचा फोन आधी काकीला येतो. थोडं बोलून काकी तो माझ्या हातात देते, "घ्या ताई, तुमाला मागतीया." लेकीनं मागितलेलं नसतं, हे मला कळतं. तरी मी फोन घेते.